बनसोडे साहेबांनी आखलेला रस्ता

बनसोडे साहेबांच्या टेबलावर पुठ्ठ्याची एक पाटी उभी असे. "टेबलास हात टेकू नये. गाव हलते." कचेरीत नवीन आलेल्या माणसाला तो विनोद वाटे. तो हसे आणि हसता हसता टेकेच. मग साहेब पेन वर उचलून धरत आणि त्याच्याकडे न बघता म्हणत, "आता आपण कुठलं गाव हलवलंत तेवढं बघून घ्या."

नोकरीला लागले त्या आठवड्यात मीही टेकले होते. माझ्या कोपराने फुरसुंगी हललं, असं त्यांनी मला सांगितलं. पुढची बारा वर्षं फुरसुंगीचा कागद टेबलावर आला की "मॅडमचं गाव आलं" म्हणून ते माझ्याकडे बघत. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला मॅडम म्हणणारे ते जगातले पहिलेच.

आमची कचेरी नकाशांची. जमिनी, गावठाणं, पुढे कधीतरी व्हायचे असलेले रस्ते, असं सगळं कागदावर उतरवायचं काम. मी तिथे कारकून आणि बनसोडे आरेखक. साहेब म्हणावं असा त्यांचा हुद्दा नव्हता, पण खरे साहेबसुद्धा त्यांना साहेब म्हणत. शर्ट कायम पूर्ण बाह्यांचा आणि बाह्यांवर रबर लावलेलं, म्हणजे मनगट शाईवर घासायला नको. ट्रेसिंगच्या कापडावर चूक झाली तर अर्ध्या ब्लेडने ती खरवडून काढायची आणि जागा अंगठ्याच्या नखाने घोटायची. त्यासाठी एक नख वाढवलेलं. रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत. एकदा वरिष्ठ अधिकारी समोर येऊन उभे राहिले आणि काहीतरी विचारू लागले. साहेबांची रेघ हडपसरहून निघाली होती. ती लोणी काळभोरला पोचेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. पोचल्यावर श्वास सोडला आणि म्हणाले, "बोला." अधिकारी म्हणाले, काही नाही, चालू द्या.

पुढे संगणक आले. साहेबांनाही एक मिळाला. त्यावर त्यांनी प्लास्टिकचं आवरण घातलं आणि आवरणावर जेवणाचा डबा ठेवायला सुरुवात केली. पण जुने नकाशे वाचायला सगळ्यांना त्यांच्याकडेच यावं लागे. खिडकीवर लोक येत, नकाशातल्या तुटक रेघेवर बोट ठेवत आणि विचारत, साहेब, हा रस्ता कधी होणार? अखंड रेघ म्हणजे असलेला रस्ता, तुटक रेघ म्हणजे व्हायचा रस्ता. साहेब चष्म्यावरून त्या माणसाला नीट बघून घेत आणि विचारत, "आपलं वय काय?" माणूस वय सांगे. साहेब मान हलवून कागदाची गुंडाळी करून ठेवत. याहून जास्त ते बोलत नसत आणि लोकांनाही याहून जास्त काही विचारावंसं वाटत नसे.

असा हा माणूस. सगळ्या गावांच्या हद्दी त्याला पाठ, आणि स्वतःला राहायला हक्काचं घर नाही. नोकरीच्या काळात साहेब आणि विमलताई चौदा भाड्याच्या घरांत राहिले. विमलताई हडपसरला बालवाडीच्या बाई होत्या. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की सामान उचला, हे तर पुण्यात सगळ्यांच्याच वाट्याला येतं. साहेबांची त्याआधीची एक पायरी होती. ते बौद्ध. घर बघायला गेले की मालक खोल्या दाखवायचा, पाण्याची वेळ सांगायचा, गच्चीवर वाळवणाला हरकत नाही म्हणायचा आणि मग अगदी सहज विचारायचा, आडनाव काय म्हणालात? ते ऐकल्यावर त्याला एकदम आठवायचं की पुतण्याचं लग्न ठरलंय आणि खोल्या त्याला लागणार आहेत. साहेबांनी यावर एक पद्धत बसवली होती. दारातच, बेल वाजवल्यावर, नमस्काराच्याही आधी ते सांगत, "मी बनसोडे." आणि मग चपला काढायच्या की नाही ते ठरवत.

"आधी सांगितलेलं बरं असतं मॅडम," ते मला म्हणाले होते. "चपला काढून पुन्हा घालायचा त्रास वाचतो."

हे त्यांनी डबा खाताना सांगितलं. ऐकून सगळे हसले आणि मीही हसले. नंतर घरी भांडी घासताना ते वाक्य मला पुन्हा आठवलं आणि आपण हसलो याचा राग आला.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी घर विकत घ्यायचं ठरवलं. शहरात परवडणार नव्हतं, म्हणून मांजरीकडे. ऊस संपतो आणि इमारती सुरू होतात त्या भागात. खरं तर ऊस संपत नाहीच, इमारती मध्येच उगवतात. बिल्डरच्या कार्यालयात एका मुलीने त्यांच्यापुढे नकाशा पसरला आणि सांगितलं, सर, समोरून अठरा मीटरचा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला, येतोय, दोन वर्षांत रेट डबल. साहेबांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. विमलताईंना वाटलं, काहीतरी खोट सापडली, आता हेही घर गेलं. साहेबांनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं आणि तिथल्या तिथे होकार दिला.

सोमवारी कचेरीत आल्या आल्या ते मला अभिलेख कक्षात घेऊन गेले. वरच्या फळीवरून एक जुनी गुंडाळी उतरवून माझ्यापुढे उघडली. मांजरीचा तो भाग होता. उसाच्या शेतांतून एक तुटक रेघ गेली होती आणि एका ठिकाणी तिने किंचित वळण घेतलं होतं.

"मॅडम, ही रेघ माझी आहे," साहेब म्हणाले. "नोकरीचं दुसरं वर्ष. इथे एक विहीर होती. मोठे साहेब सरळ काढा म्हणाले होते. मी विचारलं, विहीर सोडून काढू का? ते म्हणाले, काढा."

मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. ते त्या वळणावरून बोट फिरवत होते, न टेकवता, एक बोटभर वरून. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, साहेब, आपलं वय काय? त्या कक्षात अशा तुटक रेघांच्या गुंडाळ्या छतापर्यंत होत्या आणि त्यांतल्या किती अखंड झाल्या हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाची रेघ असती तर त्यांनी तो फ्लॅट बघितलासुद्धा नसता. पण ही त्यांच्या हातची होती. मी म्हटलं, अभिनंदन साहेब, पेढे कधी? पेढे दुसऱ्या दिवशी आले. मी तेव्हा गप्प बसले याची मला आजही लाज वाटते.

निवृत्तीनंतर ते तिथे राहायला गेले. दाराला दोघांच्या नावांची पाटी, विमलताईंचं नाव वर. इमारतीत जायचा रस्ता समोरच्या शेतातून होता. तो बिल्डरने शेतकऱ्याकडून बांधकामापुरता भाड्याने घेतला होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. चाव्या देऊन झाल्या आणि बिल्डरने भाडं थांबवलं. एके सकाळी लोक कामाला निघाले तर शेताच्या कडेने तारेचं कुंपण आणि काल जिथे मुरूम होता तिथे नांगरट. तीन बाजूंनी ऊस. चौथ्या बाजूला कालव्याच्या भरावावरची पायवाट, दुचाकी कशीबशी जाईल एवढी. हमरस्ता गच्चीवरून दिसायचा. तिथे पोचायचं तर दीड किलोमीटरचा वळसा.

जे भाडेकरू होते ते महिन्याभरात निघून गेले. ज्यांनी घेतलं होतं ते अडकले. रस्ता नसलेला फ्लॅट कोण घेणार? साहेबांनी मात्र पहिलं वर्ष मजेत काढलं. गच्चीवर उभं राहून ते शेजाऱ्यांना रस्ता कुठून येणार ते हाताने दाखवत. मी भेटायला गेले तेव्हा मलाही दाखवला. इथून येईल, विहिरीपाशी जरा वळेल, मग थेट आपल्या फाटकाशी. विमलताई चहा घेऊन वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांचा रस्ता रोज चार वाजता येतो. चहाच्या वेळेला."

त्या मुळात घरात बसणाऱ्यातल्या नव्हत्या. भाड्याच्या घरांत असताना सकाळी बालवाडी, परत येताना भाजी, संध्याकाळी कुणाच्या तरी बाळंतिणीला बघणं, रविवारी विहारात वंदना. आता ह्या सगळ्यासाठी भरावावरून वळसा होता. तरी त्या जायच्या. मग एकदा उसाला सोडलेलं कालव्याचं पाणी भरावावर फुटलं आणि त्या चिखलात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका हमरस्त्यावर येऊन उभी राहिली आणि पुढे येईना. इमारतीतल्या चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्ची खांद्यावर घेतली. साहेब पुढे चालत होते, उसाची पाती हाताने बाजूला करत. विमलताईंनी नंतर मला सांगितलं, दुखण्यापेक्षा जास्त मला ह्यांची पाठ बघवत नव्हती.

शस्त्रक्रिया झाली, पण चालणं परत आलं नाही. चाकाची खुर्ची आली. लिफ्टने खाली फाटकापर्यंत जाता येई, तिथे रस्ता संपे. भरावावरून खुर्ची नेणं शक्य नव्हतं. सात महिने विमलताई त्या फाटकाच्या बाहेर गेल्या नाहीत. ज्या घरासाठी आयुष्यभर जीव टाकला त्याच घरात त्यांना कोंडून घालावं लागलं, हे साहेबांना झोपू देत नव्हतं. ते वाळले. गच्चीवर जाणं बंद झालं.

सोसायटीने शेवटी शेतकऱ्याकडे जायचं ठरवलं. त्यांना सगळे आबा म्हणत. सत्तरीचे, टोपी आणि हातात कायम विळा. सेक्रेटरी रोहन नावाचा तरुण होता, संगणकाच्या कंपनीतला. त्याने सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं: आपण इमोशनल बोलायचं, लीगल काही काढायचं नाही. साहेबांना मुद्दाम पुढे नेलं होतं, कारण वय झालेलं आणि घरात आजारी माणूस. मीही त्या रविवारी भेटायला गेले होते, म्हणून मागे उभी राहिले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की माझंपण घर अडकलंय. शेतात दोन खोल्या बांधायच्या होत्या, परवानगी मिळाली नाही. शेत विकायचं म्हटलं तर कुणी घेत नाही. कारण काय, तर नकाशात शेताच्या मधोमध रस्ता आहे. तीस-पस्तीस वर्षं तो रस्ता होतही नाही आणि जातही नाही. पैसे नाहीत, जमीन नाही. "कुणा भाड्यानं ती रेघ वढली," ते म्हणाले, "त्याला एकदा बगायचाय मला."

रोहन घाईघाईने म्हणाला, हो ना, सिस्टिमच तशी आहे. तेवढ्यावर विषय पुढे गेला असता.

"रेघ मी ओढली," साहेब म्हणाले.

आबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी?"

"मी. आखायला सांगितली होती, मी आखली."

"आन् हिरीपाशी वळवली ती कुनी?"

"तीही मीच."

आबांनी विळा बांधावर ठेवला आणि पाठ फिरवून ते विहिरीकडे चालू लागले. परतताना रोहन साहेबांना म्हणाला, "अंकल, नुसतं गप्प राहायचं होतं हो तुम्ही." मला वाटलं, दारात आधी आडनाव सांगणाऱ्या माणसाला तुम्ही गप्प राहायला सांगताय. पण त्या क्षणी मलाही त्यांचा राग आला होता, कारण घरात विमलताई वाट बघत होत्या.

पंधरा दिवसांनी आबा स्वतः त्यांच्या घरी आले, भरावावरून वळसा घालून. हातात सातबारा, नाकारलेले अर्ज, सगळ्याची पिशवी. ते विमलताईंच्या खुर्चीकडे बघत राहिले आणि मग साहेबांना म्हणाले, "तुमीच वढली, तुमास्नीच म्हाईत आसंल. ही रेघ पुसायची कशी?"

साहेबांना माहीत होतंच. जमीन ताब्यात तरी घ्या नाहीतर मोकळी तरी करा, अशी रीतसर नोटीस मालकाने द्यायची. ठरावीक मुदतीत सरकारकडून काही झालं नाही तर आरक्षण आपोआप उठतं. आयुष्यभर त्यांनी अशा नोटिसांना जोडलेले नकाशे तपासले होते. नोटीस बिनचूक लिहिली, मापं बरोबर जोडली तर आबा सुटणार होते. आणि रस्ता कायमचा जाणार होता.

आबा गेल्यावर काय झालं ते मला विमलताईंनी सांगितलं. साहेब बराच वेळ पिशवीतले कागद नीट लावत बसले. मग विमलताईंनीच विचारलं, "खरं सांगा. रस्ता येणार होता का हो?"

साहेब म्हणाले, "नाही."

"मग एक माणूस तरी सोडवा त्यातनं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी चार दिवस बसून आबांच्या शेताचा नकाशा काढला. मी शनिवारी गेले तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उभे राहून काम करत होते, कारण घरात तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती. बांध, विहीर, कुंपण, गोठा, सगळं मापाने. रेघ ओढताना ते अजूनही श्वास रोखून धरत. मी नोटीस टंकून दिली. एक अक्षरही त्यांनी मला माझ्या मनाने लिहू दिलं नाही.

सोसायटीला कळलं तेव्हा गहजब झाला. ज्यांचे फ्लॅट रस्त्याच्या आशेवर होते त्यांनी साहेबांशी बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये ते शिरले की लोक उतरत. कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की असल्या लोकांना घर देऊच नये. असले म्हणजे कसले, ते लिहिलं नव्हतं. साहेबांनी ते वाचून मला दाखवलं आणि म्हणाले, "बघा मॅडम, पंधरावं घर."

त्या वाक्यावर मी हसले नाही. ते हसले.

आबांनी मोबदल्याचं काही बोलणं केलं नव्हतं आणि साहेबांनी काही मागितलं नव्हतं. पण ऊस तुटून गेल्यावर एक दिवस आबांनी कुंपणाची तार एका जागी सोडवली आणि बांधाच्या कडेने चार फूट पट्टा सपाट केला. वर उसाच्या वाळक्या पात्यांचं पाचट अंथरलं, म्हणजे चाकं रुतायला नकोत. बिल्डिंगला रस्ता दिला नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं, फक्त ताईंना दिलाय. इमारतीतली माणसं मान खाली घालून त्याच पट्ट्यावरून ये-जा करू लागली आणि आबा दिसले की बांधावर काहीतरी हरवल्यासारखं शोधू लागली. आबा त्यांना हाकलत नसत, पण ओळखही दाखवत नसत. शेताला पाणी असलं की पट्टा आठ-आठ दिवस बंद, आणि पुन्हा ऊस लावला तर राहीलच याची खात्री नाही. विमलताईंना बाहेर पडायला मिळालं ते एवढंच.

साहेब गेल्या वर्षी गेले. विमलताईंना भाची सोलापूरला घेऊन गेली. फ्लॅटला कुलूप आहे. घ्यायला कुणी तयार नाही. नोटिशीची मुदत संपली आणि नकाशातून ती रेघ गेली. आबांच्या दोन खोल्या विहिरीच्या अलीकडे उभ्या राहिल्यात.

मला साहेब शेवटचे दिसले ते जाण्याच्या दोनेक महिने आधी. कचेरीतल्या एकीच्या मुलीचं लग्न लोणी काळभोरला होतं, मी बसने निघाले होते. दुपारची वेळ, बस भरलेली, मी मधल्या खिडकीशी. मांजरी फाट्याच्या थांब्यावर बस उभी राहिली आणि खाली ते दोघं दिसले. विमलताई खुर्चीत, नीट इस्त्रीची साडी, केसांत फूल, मांडीवर पर्स. साहेब खुर्चीची दांडी धरून मागे उभे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. चाकांना पाचट अडकलेलं होतं. मी हाक मारली, पण खिडकीची काच सरकेना आणि दारापर्यंत जायला जागा नव्हती.

उघड्या दारातून त्यांचं बोलणं तेवढं आत ऐकू येत होतं. कंडक्टर वाकून विचारत होता, काका, यायचंय का? साहेब म्हणाले, नाही, आम्ही जरा बसलोय नुसते. कंडक्टरने एकदा खुर्चीकडे आणि एकदा बसच्या उंच पायऱ्यांकडे बघितलं आणि घंटीच्या दोरीला हात घातला.

"थांबा हो जरा," विमलताई म्हणाल्या. "कुठे जाते ही?"

"लोणी काळभोर."

त्यांनी बसकडे बघितलं, पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली. खरोखरच विचार करत असल्यासारखा थोडा वेळ घेतला.

"आज नको," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कंडक्टरला हाताने जा म्हणून खूण केली आणि बस सुटली.